म्हातारी ब्राउनी आणि तिचं नाक

ब्राउनी घरी आली त्या संध्याकाळी आईने तिला पाच-सहा हाका मारल्या. तिने मान वळवली नाही. "रुसलीये," आईचा निष्कर्ष. कुणीतरी सोडून दिलेली ही लॅब्रॅडॉर, डॉक्टरांच्या अंदाजाने १२ वर्षांची. अंदाजच, कारण पिल्लाचं वय दातांवरून बऱ्यापैकी नेमकं कळतं. पक्के दात आले की पुढे झीज आणि किटण बघून ठोकताळाच बांधायचा.

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, म्हणून १२ गुणिले ७ म्हणजे ८४, असा हिशेब बिल्डिंगमधल्या मुलांनी लगेच केला. तो चुकीचा आहे. २०२० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १०४ लॅब्रॅडॉरच्या डीएनएवर वयानुसार बदलत जाणाऱ्या रासायनिक खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या. कुत्रं पहिल्या वर्षातच माणसाच्या तिशीला येतं आणि नंतर त्याचं वाढणं मंदावतं. त्या सूत्राने ब्राउनी ७१ची. आईपेक्षा दोन वर्षांनी मोठी, हे आईला फारसं आवडलं नाही.

रुसवा वगैरे काही नव्हता. तिला ऐकूच येत नव्हतं. तरण्या कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आपली धाव २०,००० पर्यंत. पण उतारवयात आतल्या कानातल्या पेशी कमी होत जातात. हाताने खूण केली तेव्हा मात्र ती उठून आली. डोळ्यांवर निळसर झाक होती, ती मोतीबिंदूची नव्हे. भिंगात आयुष्यभर नवे तंतू तयार होत राहतात, मधला भाग दाटतो आणि निळसर दिसतो. नजर बरीचशी शाबूत राहते.

नाकाची गोष्ट वेगळी. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. म्हातारपणी तेही थोडं बोथट होतं, पण कान-डोळ्यांच्या मानाने बराच काळ साथ देतं. ब्राउनी पहिले चार दिवस भिंतीकडेने हुंगत फिरली, तेव्हा ती आमच्या घराचा नकाशा काढत होती. पाचव्या दिवशी आईने तिची सतरंजी साबणात भिजवून खळखळून धुतली. ब्राउनीने ती हुंगली आणि शेजारच्या थंडगार फरशीवर जाऊन बसली. स्वच्छतेचं कौतुक आपल्याला!

ती फरशी हाही एक शत्रूच. गुळगुळीत टाइल्सवर नखं रुतत नाहीत, मागचे पाय फाकतात. सांधे झिजलेलं कुत्रं एकदा असं घसरलं की मग उठायलाच टाळतं, आणि आपण म्हणतो आळशी झालंय. दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅट टाकल्यावर ब्राउनीच्या चालण्यात दोन दिवसांत फरक पडला. सांधेदुखीवर घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नये. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृताला बाधतं.

फिरणं पहाटेच. कुत्रं धापा टाकून, जिभेवरची लाळ सुकवून अंग थंड करतं. मुंबईच्या दमट हवेत ती लाळ लवकर सुकत नाही.

तिसऱ्या आठवड्यात रात्री तीनला ब्राउनी फ्रिजमागच्या कोपऱ्यात तोंड घालून उभी दिसली. मी घाबरलो. माणसाच्या अल्झायमरमध्ये साचतं ते बीटा अमायलॉइड प्रथिन म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही साचतं, आणि रात्रीचं भटकणं, कोपऱ्यात अडकणं ही त्याची लक्षणं. पण डॉक्टरांनी आधी रक्त आणि लघवी तपासली, आणि पाणी मोजायला लावलं. किलोमागे दिवसाला १०० मिलीलिटरच्या वर पाणी म्हणजे मूत्रपिंडाची किंवा मधुमेहाची शंका. २४ किलोची ब्राउनी तांब्याने मोजून दीड लिटर प्यायली. ठीक. मग उरला मेंदू. औषध सुरू झालं, पॅसेजमध्ये रात्रभर मंद दिवा ठेवला आणि सामान होतं तिथून हलवायचं नाही असं ठरलं.

आता सतरंज्या दोन आहेत. एक धुवायला जाते तेव्हा दुसरी तिच्याखाली असते, न धुतलेली. दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा आईने त्या दुसरीला हात लावला नाही.