‘द फँटम मेनेस’: आधीच्या गोष्टीची आधीची गोष्ट

१९७७ च्या मे महिन्यात पहिला ‘स्टार वॉर्स’ पडद्यावर आला तेव्हा सुरुवातीला वर सरकत जाणाऱ्या त्या पिवळ्या मजकुरात भागाचा क्रमांक नव्हता. सिनेमा चालेल की नाही याची खुद्द लेखक-दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनाच खात्री नव्हती, तिथे मागचे-पुढचे भाग कोण जाहीर करणार? १९८० साली दुसरा सिनेमा आला तो थेट ‘एपिसोड ५’ अशी पाटी मिरवत. मग १९८१ च्या एप्रिलमध्ये पहिला सिनेमा पुन्हा लागला, तेव्हा त्याच्याही माथ्यावर ‘एपिसोड ४’ आलं. आपण गोष्टीच्या मधोमध येऊन बसलो होतो, हे प्रेक्षकांना असं मागाहून कळलं. मग पहिले तीन भाग कुठे आहेत, हा प्रश्न तिथूनच सुरू झाला आणि त्याचं पहिलं उत्तर मिळायला १९ मे १९९९ उजाडावा लागला.

तो दिवस ‘द फँटम मेनेस’चा, म्हणजे ‘एपिसोड १’चा. मला हा सिनेमा मनापासून आवडतो. त्याच्यावर टीकेची झोड उठली, अजूनही अधूनमधून उठते, पण ती करणारे बहुतेक जण त्याला १९९९ सालचा एक सुटा सिनेमा म्हणून तपासतात. त्याच्या मागे वीस-बावीस वर्षांचा साठा आहे, आणि तो समजला की पडद्यावरच्या कितीतरी गोष्टी वेगळ्या दिसू लागतात.

मुळात स्पेस ऑपेरा हा प्रकारच बदनाम. अंतराळातली साम्राज्यं, राजकन्या, खलनायक, सुटका, पाठलाग असा सगळा मसाला असलेल्या कथांना १९४१ मध्ये विल्सन टकर या लेखकाने हे नाव दिलं ते हिणवण्यासाठीच. लुकास मात्र याच खाद्यावर वाढले. १९३० च्या दशकातल्या फ्लॅश गॉर्डनच्या सिनेमालिका त्यांनी लहानपणी टीव्हीवर पाहिल्या होत्या. पुढे त्यांना फ्लॅश गॉर्डनवरच सिनेमा करायचा होता, पण हक्क मिळाले नाहीत. तेव्हा १९७३ मध्ये त्यांनी स्वतःचंच विश्व लिहायला घेतलं. सरकत्या मजकुराची पद्धतही त्या जुन्या मालिकांमधलीच.

लुकास यांच्या कपाटात पहिल्यापासून सगळे भाग तयार होते, अशी एक दंतकथा फॅन मंडळींमध्ये बरीच वर्षं फिरत होती. पात्रांचा पूर्वेतिहास त्यांनी टिपून ठेवला होता हे खरं, पण तो बदलत राहिला. याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे दुसऱ्या सिनेमाचा पहिला खर्डा. तो लिहिला ली ब्रॅकेट यांनी. कादंबरीकार म्हणून त्या स्पेस ऑपेराच्याच सम्राज्ञी मानल्या जायच्या. त्यांच्या खर्ड्यात नायक ल्यूकचे वडील आत्म्याच्या रूपात ल्यूकसमोर येतात आणि खलनायक डार्थ व्हेडर हा पूर्णपणे वेगळा माणूस आहे. मार्च १९७८ मध्ये ब्रॅकेट गेल्या, लुकास यांनी पुढचा खर्डा स्वतः हातात घेतला आणि त्यात व्हेडरच ल्यूकचा बाप झाला.

प्रीक्वेल, म्हणजे आधीची गोष्ट सांगणारा नंतरचा सिनेमा, खऱ्या अर्थाने त्या क्षणी जन्माला आला असं मी मानतो. तोवर मागचा इतिहास म्हणजे नुसता तपशील होता, आता त्यात एक शोकांतिका आली. एक चांगला जेडाय, म्हणजे या विश्वातला न्यायाचा रक्षक योद्धा, इतका कसा बिघडला? आणि बिघडण्याआधी तो कोण होता? ‘द फँटम मेनेस’मधला लहानगा ॲनाकिन म्हणजे तोच, पुढचा व्हेडर.

१९८३ मध्ये तिसरा सिनेमा आला आणि लुकास थांबले. त्यांनी मुलं वाढवली, निर्माता म्हणून कामं केली, स्वतःच्या इफेक्ट्स कंपनीत, म्हणजे इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये, पैसा आणि लक्ष घातलं. डोक्यात होतं ते जग पडद्यावर उभं करायची साधनंच तेव्हा नव्हती. संपूर्ण ग्रह व्यापणारं शहर रबरी मुखवटे आणि रंगवलेले पडदे यांवर किती काळ पेलणार? दरम्यान १९९१ मध्ये टिमथी झान यांची स्टार वॉर्सवरची कादंबरी आली आणि खपाच्या याद्यांत वर चढली. या विश्वाची भूक संपलेली नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. राजधानीच्या ग्रहाला कोरुसांट हे नावही झान यांच्याच लेखणीतून मिळालं. सिनेमावरून कादंबरी आणि कादंबरीतून पुन्हा सिनेमात, असा हा प्रवास मला फार गोड वाटतो.

पुढचा धक्का डायनोसॉरनी दिला. १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये लुकास यांच्याच कंपनीने संगणकावर जिवंत प्राणी चालवून दाखवले आणि तो अडसर सरला. तरुण इंडियाना जोन्सच्या टीव्ही मालिकेत निर्माते रिक मॅकॅलम यांच्यासोबत संगणकाने गर्दी वाढवणं, सेट मोठे करणं अशा युक्त्या आजमावून झाल्या होत्या. १ नोव्हेंबर १९९४ ला लुकास नव्या पटकथेला बसले. १९९७ मध्ये जुने तीन सिनेमे नव्या दृश्यांसह पुन्हा लागले, तीही एका अर्थाने रंगीत तालीमच. दिग्दर्शन दुसऱ्या कुणाकडे द्यावं असंही त्यांच्या मनात आलं होतं. दिग्दर्शक रॉन हॉवर्ड यांनी नंतर सांगितलं आहे की त्यांना, झेमेकिसना आणि स्पीलबर्गना विचारणा झाली होती आणि तिघांनीही ‘हे तूच कर’ म्हणून सांगितलं. म्हणून १९७७ नंतर पहिल्यांदाच लुकास पुन्हा दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसले. अंदाजे साडेअकरा कोटी डॉलरचा खर्चही त्यांनीच उचलला.

चित्रीकरण १९९७ च्या उन्हाळ्यात झालं. इंग्लंडमधल्या लीव्ह्सडनला पूर्वी रोल्स-रॉइसचा विमानाच्या इंजिनांचा कारखाना होता, तिथे सेट लागले. सिनेमातल्या नाबू ग्रहाच्या राणीचा महाल म्हणजे इटलीतला कासेर्ताचा राजवाडा. वाळवंटी टॅटूइन ग्रहासाठी पुन्हा ट्युनिशिया गाठलं आणि तिथल्या वादळाने वाळवंटातला सेट उद्ध्वस्त केला. १९७६ मध्येही ट्युनिशियात असंच वादळ आलं होतं. युनिटमधल्या जुन्या लोकांनी तो शुभशकुन मानला म्हणे.

‘सगळं संगणकावर केलेलं, म्हणून निर्जीव’ हा आक्षेप मला बिलकूल पटत नाही. संगणकाचं काम अफाट आहे, पण हातकामही तितकंच. नाबूच्या राजधानीतले ते भव्य धबधबे नीट बघा. ते पाणी नाही, मीठ आहे. छोट्या मॉडेलवर खरं पाणी सोडलं की थेंबांचा आकार लगेच चुगली करतो, म्हणून मीठ ओतून ते चित्रित केलं. पॉडरेसच्या, म्हणजे इंजिनं जोडलेल्या उडत्या गाड्यांच्या शर्यतीच्या, मैदानातला हजारोंचा जमाव? दूरच्या दृश्यांत तो म्हणजे कान साफ करायच्या, कापसाचे बोळे लावलेल्या, रंगवलेल्या काड्या आहेत, अशा असंख्य काड्या मॉडेलच्या सज्जांमध्ये खोचून ठेवलेल्या, आणि त्या हलाव्यात म्हणून खालून वारा सोडलेला. हे कळल्यावर मी ते दृश्य थांबवून थांबवून पाहिलं. तरीही माणसंच दिसतात!

पॉडरेसची बीजं जुन्या सिनेमांतल्या रथांच्या शर्यतींत, विशेषतः १९५९ च्या ‘बेन-हर’मध्ये आहेत, हे सर्वज्ञात आहे. कमी बोललं जातं ते तिच्या आवाजाबद्दल. शर्यतीच्या बहुतांश भागात संगीतच नाही. जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी असताना त्याला गप्प ठेवायचं धाडस लुकास करतात, कारण ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी निरनिराळ्या पॉडच्या इंजिनांना निरनिराळा स्वर दिलाय. ॲनाकिनचा प्रतिस्पर्धी सेबुल्बा याचा पॉड धडधडत येतो, डोळे मिटले तरी तो जवळ आला हे कळतं. याच सिनेमासाठी डॉल्बीने प्रेक्षकांच्या पाठीमागचा आवाज आणखी उलगडणारी नवी पद्धतही आणली.

आणि मग शेवटचं ते द्वंद्व, दोन जेडाय विरुद्ध खलनायक डार्थ मॉल. जुन्या तीन सिनेमांतल्या लाइटसेबरच्या, म्हणजे प्रकाशाच्या तलवारींच्या, लढती संथ आहेत, कारण तिथे लढणारे एक तर म्हातारे, नाही तर अर्धे यंत्र, नाही तर अर्धवट शिकलेले. ऐन भरातले जेडाय कसे लढायचे, हे कुणी पाहिलेलंच नव्हतं. लढतींची आखणी निक गिलार्ड यांची, आणि डार्थ मॉलच्या भूमिकेत रे पार्क, जो मुळात मार्शल आर्ट्सचा खेळाडू. मॉलचा चेहरा चित्रकार इयन मॅकेग यांचा. त्यांनी डोक्यावर पिसं काढली होती, रंगभूषेच्या टप्प्यावर त्यांची शिंगं झाली.

या लढतीतला माझा सगळ्यात आवडता क्षण मात्र न लढण्याचा आहे. लाल ऊर्जेचे दरवाजे बंद होतात आणि तिघे तीन ठिकाणी अडकतात. मॉल पिंजऱ्यातल्या जनावरासारखा येरझाऱ्या घालतो. जेडाय गुरू क्वाय-गॉन गुडघे टेकून डोळे मिटतो. मागे राहिलेला त्याचा शिष्य ओबी-वान धुमसत उभा असतो. एकही संवाद नाही, आणि तिघांचे स्वभाव पूर्ण कळतात. क्वाय-गॉन पडतो तेव्हा ॲनाकिनला बापाची माया देऊ शकणारा एकमेव माणूस जातो, म्हणून खरी लढत त्या मुलाच्या भवितव्याची आहे, असं स्टार वॉर्स मालिकांचे निर्माते डेव्ह फिलोनी यांनी २०२० मध्ये मांडलं होतं. मला ते शंभर टक्के पटतं.

या द्वंद्वामागे लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि समूहस्वर वाजतात, त्यातले शब्द संस्कृत आहेत. मूळ कविता जुनी वेल्श, रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या इंग्रजी रूपातल्या तिच्या ओळी विल्यम्सनी संस्कृतात करून घेतल्या, आणि अर्थापेक्षा नादाकडे बघून अक्षरं हवी तशी मांडली.

संगीतातली त्याहून मोठी करामत शेवटच्या मिरवणुकीत आहे. नाबू जिंकलंय, मुलं गातायत, फुलं उधळली जातायत. ती आनंदी धून लक्ष देऊन ऐका. तिसऱ्या सिनेमात सम्राटाच्या प्रवेशाला जी काळीकुट्ट सुरावट वाजते, तीच इथे प्रसन्न स्वरांत आणि जलद लयीत आहे. लोक नाचतात ते स्वतःच्याच पराभवाच्या गाण्यावर, आणि पुढे सम्राट होणारा पॅल्पटीन शेजारी उभा राहून हसतो. ॲनाकिनच्या निरागस धूनच्या शेवटीही व्हेडरच्या संचलनाचे सूर हळूच डोकावतात.

कथेतही तेच चाललंय. सुरुवातीच्या मजकुरात व्यापारी मार्गांवरच्या कराचा वाद येतो म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. पण लोकशाही हुकूमशहाच्या हाती स्वतःहून कशी जाते, हा लुकास यांचा जुना ध्यास. सीझर, नेपोलियन, हिटलर ही उदाहरणं त्यांनी अनेकदा दिली आहेत. इथे प्रजासत्ताकाचा प्रमुख, चॅन्सेलर व्हॅलोरम, याच्यावर अविश्वासाचा ठराव कोण मांडतं? नाबूची राणी अमिडाला. तळमळीने, आपल्या उपाशी प्रजेसाठी, आणि पॅल्पटीनने कानात सांगितलं म्हणून. सिनेमात एकही चांगला माणूस वाईट हेतूने वागत नाही आणि तरी सत्ता चुकीच्या हातात जाते. मुलांसाठी केलेल्या सिनेमात हे इतक्या शांतपणे बसवणं साधं काम नाही.

प्रदर्शनाआधीचा उन्माद आज सांगून खरा वाटणार नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये ट्रेलर आला, तेव्हा लोक दुसऱ्याच सिनेमाचं तिकीट काढून, ट्रेलर पाहून बाहेर पडत होते. थिएटरांबाहेर आठवडेच्या आठवडे रांगा लागल्या. पहिल्या दिवशी अमेरिकेत २ कोटी ८५ लाख डॉलरचा विक्रम झाला, जगभरातली पहिल्या फेरीची कमाई ९२ कोटी डॉलरच्या पुढे गेली, आणि २०१२ च्या थ्रीडी आवृत्तीने एकूण आकडा एक अब्जापार नेला. १८ जून १९९९ पासून चार अमेरिकी थिएटरांत तो फिल्मच्या रिळाशिवाय, डिजिटल प्रोजेक्टरवर दाखवला गेला. आज थिएटरात सगळीकडे जे आहे, त्याची ती सुरुवात. ऑस्करची तीन नामांकनं मात्र हातची गेली, तिन्हींत ‘द मेट्रिक्स’ जिंकला.

सिनेमात त्रुटी आहेत. संवाद ठिकठिकाणी ताठर आहेत, आणि शेवटच्या युद्धात चार ठिकाणच्या चार घटना एकमेकींचा जोर कमी करतात. जार जार या विदूषकी पात्राचा विनोद मलाही दर वेळी हसवत नाही. पण त्या पात्रासाठी अहमद बेस्ट या कलाकाराने जे केलं ते ऐतिहासिक आहे. प्रत्यक्ष माणसांच्या सिनेमात इतकी मोठी भूमिका असलेलं, पूर्णपणे संगणकावर घडवलेलं आणि अभिनेत्याच्या हालचालींवर बेतलेलं पात्र तोवर झालं नव्हतं. बदल्यात त्याच्या वाट्याला इतका द्वेष आला की आपण जीव द्यायच्या विचारापर्यंत पोचलो होतो, असं त्याने २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं. ॲनाकिन झालेल्या लहानग्या जेक लॉइडलाही लोकांनी सोडलं नाही. स्वतःला फॅन म्हणवणाऱ्यांनी केलेला हा अन्याय आहे, आणि या सिनेमाच्या इतिहासातून तो वगळता येणार नाही.

२०२३ मध्ये ‘द मँडलोरियन’ या स्टार वॉर्स मालिकेच्या तिसऱ्या पर्वात बेस्ट परतला, जेडाय केलरन बेक म्हणून, दोन्ही हातांत लाइटसेबर घेऊन, छोट्या ग्रोगूला वाचवताना. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘द फँटम मेनेस’ पंचवीस वर्षांनिमित्त पुन्हा थिएटरांत लागला आणि त्या आठवड्याअखेरीस अमेरिकेत कमाईत दुसऱ्या क्रमांकावर राहिला.