पद्मिनीचे पुढचे सस्पेन्शन घरी उघडताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्रीमिअर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट ११०० डी जपणारे अनेक ग्राहक पुढच्या सस्पेन्शनचे काम स्वतः करण्याची इच्छा व्यक्त करतात आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या कार्यशाळेत केवळ काही भाग घेऊन येतात. या इच्छेला आमचा विरोध नाही. सुटे करणे, साफ करणे, झीज तपासणे आणि पुन्हा जोडणे ही कामे धीराने केल्यास घरी उत्तम होतात. बुश (सांध्यातील नळीसारखे अस्तर) दाबून बसवणे, किंगपिनचे (चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळते तिचे) बुश रीमरने (भोक मापात कापणाऱ्या हत्याराने) मापात आणणे आणि वाकलेला आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी दांडी) ओळखणे यांसाठी मात्र प्रेस, योग्य रीमर आणि मोजमापासाठी सपाट पाटा लागतो, त्यामुळे तेवढी कामे घरी करू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडू लागलेली ही गाडी १९७४ मध्ये पद्मिनी झाली आणि २००१ पर्यंत बनत राहिली. त्या काळात लांबीने असमान असे वरचा व खालचा आर्म, कॉइल स्प्रिंग आणि किंगपिन ही पुढची मूळ मांडणी बदलली नाही. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या तोवर किंगपिनचे काम रोज करणारे हात मुबलक होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. असे कारागीर आणि त्यांच्याबरोबर चांगले सुटे भागही आता कमी होत चालले आहेत, म्हणून झीज कोठे आहे हे निश्चित केल्याशिवाय काहीही उघडू नये.

तपासणी सोपी आहे. पुढचे चाक उचलून ते वर आणि खाली धरून हलवावे. प्ले (सैलपणा) जाणवल्यास दुसऱ्या व्यक्तीला ब्रेक दाबून ठेवण्यास सांगावे आणि पुन्हा हलवून पाहावे : प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे, तसाच राहिला तर किंगपिन किंवा आर्मचे बुश झिजले आहेत. या दोहोंतला फरक कळण्यासाठी टॉर्चच्या उजेडात कोणता सांधा हलतो ते प्रत्यक्ष पाहावे लागते. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर येणारा प्ले बहुधा टाय रॉडच्या (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) टोकांचा किंवा स्टिअरिंगच्या इतर सांध्यांचा असतो. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून येणारा ‘खटखट’ आवाज नेहमी किंगपिनचाच असतो असे नाही. शॉकअपच्या वरच्या रबराचा तुकडा पडला तरी तसाच आवाज येतो, आणि ते रबर बदलणे अगदी किरकोळ काम आहे.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक आणि घोडी (उचललेली गाडी टेकवण्याचा स्टँड) थेट त्यांवर ठेवू नयेत, कारण वजन एका बिंदूवर आले की ब्लॉक खचतो. खाली जाड प्लायवूड घालावे. मागच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावावेत आणि केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही हात घालू नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

खाडीच्या दमट, खारट हवेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे नट गंजून धरलेले असतात. काम सुरू करण्याच्या काही दिवस आधीपासून रोज थोडे गंजमोचक तेल सोडल्यास आटे वाचतात. टाय रॉडचे टोक सोडवताना पुलर वापरावा. नटावर हातोडा मारल्याने आटा फुटतो आणि पंधरा मिनिटांचे काम लेथवर जाते. ब्रेक प्लेट तारेने वर बांधून ठेवावी, तिचे वजन ब्रेकच्या रबरी नळीवर येऊ देऊ नये. आर्मच्या बोल्टखाली शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) आढळल्यास कोणत्या बोल्टखाली किती होत्या ते लिहून, त्या त्या बोल्टबरोबर तारेत ओवून ठेवाव्यात. चाकाचा कोन त्या शिमवर ठरतो, आणि दोन्ही बाजूंच्या शिम एकाच डब्यात टाकणाऱ्या ग्राहकाला पुढे अलाइनमेंटसाठी अधिक पैसे मोजावे लागतात.

स्प्रिंगविषयी आम्ही मुद्दाम कठोर आहोत. दबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये साठलेली शक्ती माणसाला गंभीर इजा करण्यास पुरेशी असते. योग्य मापाचा स्प्रिंग कंप्रेसर नसेल तर आर्म सोडवू नये. खालच्या आर्मखाली जॅक लावून तो हळूहळू उतरवण्याची पद्धत अनुभवी कारागीर वापरतात, परंतु इंजिन काढलेल्या गाडीत ती मुळीच चालत नाही, कारण पुढे वजनच नसल्याने स्प्रिंग दबण्याऐवजी गाडी उचलली जाते. काढलेल्या दोन्ही स्प्रिंग सपाट फरशीवर शेजारी उभ्या करून त्यांची उंची ताडून पाहावी. फरक दिसला तर जोडीच बदलावी. गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंग तापवणे किंवा कापणे हे काम आम्ही स्वीकारत नाही. ॲम्बेसेडरच्या पुढे कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्या) असतात आणि तिच्या बहुतेक नटांना इंची पाने लागतात, म्हणून हे पत्रक त्या गाडीस लागू करू नये.

या कामाचा गाभा किंगपिनचा आहे. स्टब ॲक्सल (चाक ज्यावर बसते तो आखूड आस) त्यातील वरच्या व खालच्या बुशसह पिनभोवती फिरतो, आणि हे दोन्ही बुश एकाच रेषेत रीम झालेले असतील तरच स्टिअरिंग हलके राहते. एक बुश वरून व दुसरा खालून साध्या रीमरने कापला की दोन भोकांच्या रेषांत किंचित तिरपेपणा येतो. पिन बसते, पण चाक वळवून सोडल्यावर ते सरळ येत नाही. यासाठी एका बुशचा आधार घेऊन दुसरा कापणारा लांब रीमर आम्ही वापरतो. बुश दाबताना त्यातील ग्रीसचे भोक निपलच्या (ग्रीस भरण्याच्या तोटीच्या) भोकासमोर आलेच पाहिजे, अन्यथा कितीही ग्रीस भरले तरी पिन कोरडीच राहते. पिनवरील खाच अडकवणीच्या पिनसमोर येत आहे ना, हे पिन आत ठोकण्यापूर्वी पाहावे, कारण अर्धी गेलेली पिन परत काढणे ग्राहकाच्या आणि आमच्याही जिवावर येते. जोडल्यावर टाय रॉड लावण्याआधी स्टब ॲक्सल हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा : थोडा विरोध जाणवावा, मध्ये कोठेही अडकू नये आणि वरखाली हलू नये. पुढे ग्रीस भरताना चाक जमिनीवरून उचललेले असावे. गाडीचे वजन पिनवर असताना दाबाच्या बाजूस ग्रीस शिरत नाही.

आर्मच्या रबरी बुशच्या बाबतीत एकच चूक वारंवार दिसते. गाडी घोडीवर, आर्म खाली लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले जातात. असा बुश आतल्या व बाहेरच्या नळीला धरून पिळत काम करतो, त्यामुळे लोंबकळत्या स्थितीत आवळला की गाडी खाली येताच तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट हलके लावून ठेवावेत, गाडी चाकांवर उतरवून थोडी पुढेमागे ढकलावी आणि मगच ते पूर्ण आवळावेत.

सुटे भाग घेताना ‘जुना कंपनीचा माल’ या शब्दांवर भाळू नये. तेलात गुंडाळून ठेवलेली जुनी किंगपिन अवश्य घ्यावी. रबर मात्र बंद डब्यातही म्हातारे होते, आणि कडक झालेल्या जुन्या बुशपेक्षा चांगला नवा बुश केव्हाही बरा. नव्या पिनच्या कोपऱ्यावर कानस फिरवून पाहावी : कडक केलेल्या पोलादावरून ती घसरते, चावली तर ती पिन परत करावी. स्प्लिट पिन (नट सैल होऊ नये म्हणून घालायच्या दुभंगी पिना) कधीही दुसऱ्यांदा वापरू नयेत.

दुसऱ्या गाडीचे पुढचे सस्पेन्शन बसवून देण्याची मागणीही आमच्याकडे येते. त्यासाठी चॅसिस कापावी लागते, आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी करायची असेल तर चॅसिसमधील असा बदल आड येतो. नेहमीच्या नोंदणीवर चालणाऱ्या खासगी गाडीचीही पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी तपासणी होते, मग ती ठाण्याची एमएच ०४ असो वा नवी मुंबईची एमएच ४३. पुढच्या चाकांचा प्ले त्याआधी काढून घेणे शहाणपणाचे ठरते.

जोडणी पूर्ण झाल्यावर गाडी सावकाश अलाइनमेंटसाठी न्यावी आणि मूळ सर्व्हिस पुस्तकातील कॅम्बर, कास्टर व टो-इनचे (पुढच्या चाकांच्या कोनांचे) आकडे सोबत ठेवावेत, कारण अनेक ठिकाणच्या संगणकात पद्मिनी सापडत नाही. ते आकडे गाडीत किती वजन असताना घ्यायचे हेही पुस्तकात पाहावे. पहिल्या काही दिवसांच्या वापरानंतर सर्व नट एकदा टॉर्क पान्याने तपासावेत.

आमच्याकडे रीमिंगसाठी देताना दोन्ही स्टब ॲक्सल, दोन्ही नव्या पिन आणि बुश एकत्र आणावेत. प्रत्येक बुश ज्या पिनबरोबर चालणार त्याच पिनला जुळवून कापला जातो, म्हणून पिनशिवाय आणलेले स्टब ॲक्सल आम्ही ठेवून घेत नाही. भाग रॉकेलने धुऊन, डावा-उजवा अशी चिठ्ठी बांधून आणल्यास धुलाईचा आकार लागत नाही.