वेड, बाधा, डिप्रेशन: कोकणातली बदलत गेलेली समजूत

माणूस बिघडला की कारण कुठे शोधायचं, सगळा बदल या एका प्रश्नाभोवती आहे. कोकणात ते आधी माणसाच्या बाहेर शोधायचे. तिन्हीसांजेला पाणंदीतून एकटा आला, राखणदाराचं (गावाची राखण करणाऱ्या देवाचं) देणं राहिलं, भावकीतल्या कोणी करणी केली, नाहीतर मुंजा लागला. मग देवळात गाऱ्हाणं. गुरव कौलासाठी देवाला ओल्या कळ्या लावतो, प्रश्न विचारला जातो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही, आणि कधी कधी बराच वेळ काहीच पडत नाही, लोक नुसते बघत उभे. पुढे नारळ, कोंबडा, तिठ्यावर उतारा. यात दोष आजारी माणसाच्या माथी येत नव्हता आणि वाडी त्याच्यासाठी जमायची, हे मान्य करायला हवं. पण भगताकडे नेल्यावर मिरचीची धुरी आणि मारही मिळायचा. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात नेमके हेच प्रकार गुन्हा म्हणून आलेत.

शास्त्रातही सरमिसळ होतीच. चरकसंहितेत उन्माद पाच प्रकारचा: वाताचा, पित्ताचा, कफाचा, तिन्हींचा, आणि पाचवा आगंतू म्हणजे देव-पिशाच्चांच्या बाधेचा.

इंग्रजांनी वेड्यांसाठी भिंती बांधल्या. 1858 चा कायदा, मग 1886 मध्ये रत्नागिरीचं मनोरुग्णालय (थिबा राजाला नजरकैदेत आणलं तेही याच वर्षी), ठाण्याचं त्यानंतरचं. 1912 च्या कायद्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने माणूस आत जायचा, उपचारापेक्षा बंदोबस्तच जास्त. "ह्याका रत्नागिरीक धाडा" हा टोमणा अजून चालतो, मुंबईकर तेच ठाण्याच्या नावाने म्हणतात. 1952 नंतर क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं आली आणि पेशंट घरी परत येऊ शकतो हे लोकांना दिसायला लागलं. 1912 चा कायदा मात्र 1993 पर्यंत टिकला, 1987 चा नवीन कायदा तेव्हा कुठे लागू झाला.

खरी गंमत 'अबनॉर्मल' कोणाला म्हणायचं यात आहे. दसऱ्याला तरंग (देवाचे सजवलेले खांब) निघतात तेव्हा ज्याच्या अंगात अवसर, म्हणजे देवाचा संचार, येतो, तो थरथरतो, घुमतो, वेगळ्याच आवाजात बोलतो आणि म्हातारी माणसंसुद्धा त्याच्या पाया पडतात, तोच माणूस एरवी एसटी स्टँडवर असं करायला लागला तर लोक डॉक्टरचा नंबर शोधतील. आजारांच्या जागतिक यादीनेही आता हा फरक मान्य केलाय, समाजाच्या रूढीचा भाग असलेलं अंगात येणं हा आजार धरत नाहीत. उलटही झालंय, समलैंगिकता 1973 पर्यंत अमेरिकन सायकिॲट्रिस्टांच्या यादीत आजार होती, जागतिक आरोग्य संघटनेने ती 1990 मध्ये काढली, आपल्याकडे कलम 377 मधला गुन्हा 2018 मध्ये गेला. माणसं तीच, फक्त यादी बदलली.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क केला, साखळीने बांधायला बंदी घातली आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं. कागदावर उत्तम! 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर 2022 पासून आहे. गावात मात्र गोळ्या आणि अंगारा दोन्ही एकाच पिशवीत असतात, सिव्हिलला न्यायचं की नाही याचाही कौल लावणारे आहेत, आणि चाकरमानी मुंबईहून फोनवर डिप्रेशन म्हणतो तेव्हा आई "टेन्शन घेता रे तो" एवढंच म्हणते. देवस्कीपेक्षा (कौल, उतारा, अंगारा यांपेक्षा) जास्त नुकसान बहुतेक वेळा दुसऱ्याच गोष्टीने होतं, जरा बरं वाटलं की गोळ्या बंद.