ब्रेस्ट कॅन्सरच्या रिपोर्टमधले मार्कर काय सांगतात, आणि ब्लॉक का जपायचा

बायोप्सी किंवा ऑपरेशन झालं की काही दिवसांनी घरचं कोणीतरी रिपोर्ट घेऊन आमच्या लॅबच्या काउंटरवर येतं, आणि ओळीवर बोट ठेवून विचारतं, हे ईआर, पीआर, हर-टू म्हणजे चांगलं की वाईट? इंदूरचे येतात, देवास, धार, खरगोनहूनही येतात, आणि ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना सगळं विचारून होत नाही, म्हणून हे पत्रक. ट्रीटमेंट तुमचे ऑन्कोलॉजिस्टच ठरवणार, आम्ही फक्त कागदावर काय लिहिलंय ते समजावतोय.

गाठ केवढी, काखेतल्या लिम्फ नोडमध्ये पोचली का, ग्रेड काय (पेशी किती बिघडलेल्या दिसतात), हे जुने प्रश्न आजही पहिलेच आहेत. मार्कर, म्हणजे गाठीच्या पेशींमधल्या ओळखीच्या खुणा, त्यांच्या जोडीला येतात.

ईआर आणि पीआर ही हॉर्मोन पकडणारी प्रोटीनं. १ टक्का किंवा जास्त पेशींमध्ये ईआर दिसला की रिपोर्ट पॉझिटिव्ह, आणि इथे पॉझिटिव्ह शब्द बघून घाबरायचं नाही, कारण असा आजार बहुधा हळू वाढतो आणि टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोलसारख्या गोळ्या त्यावर चालतात. पण या प्रकारात आजार १० वर्षांनंतरही परत येऊ शकतो, म्हणून आता बरं वाटतंय तर गोळ्या कशाला असं म्हणून काकूंनी, वहिनींनी मधेच बंद करू नये, त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात.

हर-टू म्हणजे पेशींच्या वाढीला जोर देणारा जीन आणि त्याचं प्रोटीन, त्याची गोष्ट वेगळी. १९८७ मध्ये समजलं की ज्यांच्या गाठीत या जीनच्या कॉपी खूप वाढलेल्या असतात त्यांचा आजार लवकर उलटतो, तेव्हा ही वाईटच बातमी होती. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅबला मंजुरी मिळाली आणि चित्र पालटलं, आता हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे नेमकं औषध उपलब्ध आहे. रिपोर्टमधला हर-टूचा स्कोअर ०, १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह, आणि २+ म्हणजे उत्तर अजून आलेलंच नाही. तिथे जीनच्या कॉपी मोजणारी फिश टेस्ट करावीच लागते, खर्च होतो हे खरं पण २+ वर थांबू नका, कारण पुढची सगळी ट्रीटमेंट या एका उत्तरावर आहे.

तिन्ही निगेटिव्ह आले तर ट्रिपल निगेटिव्ह, याचा धोका पहिल्या काही वर्षांत जास्त, त्यामुळे फॉलोअप चुकवायचा नाही. केआय-६७ म्हणजे किती पेशी वाढीच्या तयारीत आहेत ते, ५ टक्के किंवा कमी म्हणजे वाढ मंद, ३० किंवा जास्त म्हणजे वेगवान, हे आकडे कामाचे, मधले आकडे लॅबप्रमाणे थोडे बदलतात, एकट्या त्या आकड्यावर झोप उडवून घेऊ नका.

जीनच्या टेस्ट सगळ्यांना लागत नाहीत. ऑन्कोटाइप डीएक्समध्ये गाठीतले २१ जीन, मॅमाप्रिंटमध्ये ७०, आणि हे मुख्यतः ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, सुरुवातीच्या आजारात, केमो टाळता येईल का ते बघायला. २०१८ च्या टेलरएक्स अभ्यासात नोड निगेटिव्ह (काखेतल्या नोडमध्ये आजार नाही) आणि ५० च्या वरच्या बायकांना ऑन्कोटाइपचा स्कोअर ११ ते २५ असेल तर केमोचा जादा फायदा दिसला नाही. बंगळुरूत तयार झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट पण आहे, ती ५ प्रोटीन बघते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय यातली कुठलीच आमच्याकडे बुक करू नका, आम्हीच नाही म्हणू.

बीआरसीए, म्हणजे घराण्यात चालत येणारा जीनमधला बदल, मात्र गाठीतून नाही, रक्तातून बघतात, आणि तो बदल वडिलांकडूनही येतो, त्यामुळे आत्याचा, आजीचा आजारही सांगा. ब्रिटनमध्ये चाळिशीपर्यंतच्या पेशंटवर झालेल्या अभ्यासात बीआरसीएचा बदल असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या जगण्यात एकूण फरक आढळला नाही, तेव्हा रिपोर्ट आला म्हणून सगळं संपलं असं नाही. औषध निवडायला आणि बहिणी-मुलींची जांच ठरवायला तो उपयोगी.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. बीआरसीए सोडून हे सगळे मार्कर गाठीचा तुकडा मेणात बसवून केलेल्या छोट्या ब्लॉकवर बघतात, आणि ब्लॉक खराब तर रिपोर्टही चुकीचा. काढलेली गाठ १ तासाच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये (गाठ टिकवणाऱ्या द्रवात) जायला हवी, त्यात किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास. बरेचदा बरणी नातेवाइकाच्या हातात देतात आणि तो बिचारा बसने दुसऱ्या दिवशी पोचतो, कधी आत नुसतं सलाइन असतं. अशाने ईआर असूनही निगेटिव्ह दिसू शकतो आणि बाईच्या गोळ्याच सुटतात. म्हणून ऑपरेशनआधीच विचारा, फॉर्मलिन आहे ना, गाठ पूर्ण बुडतेय ना, आणि बरणीवर काढल्याची वेळ लिहून घ्या.

आमच्याकडे येताना मूळ हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, ब्लॉक आणि त्याचा नंबर आणा, नुसत्या स्लाइडवर सगळं होत नाही. काम झालं की उरलेला ब्लॉक सही करून परत घ्या, उद्या मुंबईला दाखवायला गेलात तर तिथे पहिल्यांदा तोच मागतील.