पुनर्भरित पेयजलाचे जीवाणुदूषण

रिकामा कॅन दुकानात नेऊन त्यात शुद्ध केलेले पाणी भरून आणण्याची इंडोनेशियातील पद्धत व त्या पाण्यात आढळणारे जीवाणू यांविषयीची नोंद. दुकानाला तेथे ‘देपो आइर मिनुम इसी उलांग’ (संक्षेपाने ‘देपो’) व १९ लिटरच्या कॅनला ‘गालोन’ म्हणतात. महाराष्ट्रातील ‘जारचे पाणी’ याच्या जवळचे.

बाटलीबंद पाण्याचा धंदा इंडोनेशियात १९७३ च्या सुमारास सुरू झाला. देपोंच्या आरंभाविषयी मात्र एकवाक्यता नाही. १९९७-९८ च्या आर्थिक अरिष्टात बाटलीबंद पाणी परवडेनासे झाल्यावर त्यांचा प्रसार झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. २००४ मध्ये सरकारला त्यांच्यासाठी तांत्रिक अटी घालाव्या लागल्या, म्हणजे तोवर ते बरेच पसरले असावेत.

उत्तर जाकार्ता, समारांग अशा किनारी भागांत भूजलाच्या अतिउपशाने विहिरी मचूळ झाल्या आहेत. जमीनही खचत आहे. ‘रोब’ म्हणजे भरतीचे पाणी गल्ल्यांत शिरले की शौचखड्डे बुडतात. अशा ठिकाणी गालोनवाचून भागत नाही.

देपोत पाणी वाळू, सक्रियित कार्बन व बारीक गाळण्या यांतून जाते आणि शेवटी सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांखालून. कोठे ओझोनही वापरतात. या किरणांच्या दिव्याची जंतुनाशक क्षमता वर्षभराच्या अखंड वापराने बरीच घटते, पण निळसर उजेड दिसतच राहतो. त्यामुळे दिवा चालू आहे यावरून पाणी निर्जंतुक झाले असे ठरत नाही. शिवाय क्लोरीनसारखा अवशिष्ट, म्हणजे पाण्यात नंतरही टिकणारा, परिणाम या किरणांना नसतो. फिरत्या ब्रशने घाईघाईत खंगाळलेल्या गालोनच्या आतील बुळबुळीत थरात जंतू उरले, तर भरलेल्या पाण्यात ते पुन्हा वाढू शकतात.

दूषणाचे मूळ कोठे, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक मूळ स्रोताला, तर काही यंत्रणेच्या देखभालीला दोष देतात. गालोन, नळाचे तोंड व विक्रेत्याचे हात यांकडे बोट दाखवणारा पक्ष अधिक सयुक्तिक दिसतो. प्रक्रियेनंतर शिरलेल्या जंतूला अडवणारे पुढे काहीच नसते. २०२३ पर्यंत लागू असलेल्या २०१० च्या आरोग्य नियमानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (आतड्यातील, मलदूषण दाखवणारा जीवाणू) व एकूण कोलिफॉर्म (तो ज्यात मोडतो तो जीवाणूंचा मोठा गट) दोन्ही शून्य असावे लागत. एकूण कोलिफॉर्म सापडणे म्हणजे मलदूषणच असे नाही, कारण त्यांतील काही जीवाणू माती व ओल्या पृष्ठभागांवरही वाढतात. उलट स्यूडोमोनास एरुजिनोसा हा गाळण्यांत ठाण मांडणारा जीवाणू कोलिफॉर्मच्या चाचणीत सापडत नाही. २०१४ मध्ये देपोंच्या स्वच्छतेसाठी स्वतंत्र नियम झाला.

विहिरीचे पाणी उकळून पिण्याची तेथे जुनी रीत आहे. गालोनचे पाणी मात्र शुद्ध म्हणून विकत घेतलेले, त्यामुळे ते न उकळताच लहान मुलांच्याही पेल्यात ओतले जाते. दूषणाची खरी झळ येथेच बसते.