पाणी बघून टाकी घ्यावी

कोल्हापूरजवळच्या पाचगावातल्या आमच्या घरावरची सोलरची टाकी सातव्या वर्षी गळायला लागली. बाहेरचा पत्रा अजून नव्यासारखा होता, पण खालून थेंब थेंब ठिबकत होतं. उद्यमनगरातल्या एका वेल्डरकडे नेऊन ती कापून घेतली. आतलं स्टेनलेस स्टील बहुतेक ठिकाणी चकचकीत होतं. तळाच्या जोडालगत मात्र टाचणीच्या डोक्याएवढी काळपट भोकं पडली होती आणि त्यांवर बोटभर पांढरा गाळ साचला होता. "पत्रा चांगलाय की, जोडाजवळच खाल्लाय," वेल्डर म्हणाला. नवी टाकी घेण्याआधी हे असं का झालं ते समजून घ्यायचं मी ठरवलं.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवा-पाण्यातल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचं कवच तयार होतं. ओरखडा पडला तरी ते पुन्हा भरून येतं. पण वेल्डिंग करताना जोडाशेजारचा पत्रा साधारण 450 ते 850 अंशांत राहिला, तर तिथलं क्रोमियम कार्बनशी जखडलं जातं आणि कवचासाठी कमी पडतं. पाण्यातले क्लोराइड, म्हणजे मिठातला एक घटक, नेमकं तिथेच पोखरतात. वर गाळ बसला की खाली ऑक्सिजन पोचत नाही, मग जखम भरत नाही. पाणी जितकं गरम, तितकी ही क्रिया वेगवान. म्हणून नुसतं 'एसएस' ऐकून समाधान मानू नका. स्टीलची प्रत 304 एल की 316 एल, ते विचारा. 'एल' म्हणजे कार्बन 0.03 टक्क्यांच्या आत, आणि 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम, ज्यामुळे ते क्लोराइडला सहजी दाद देत नाही.

आता तो पांढरा गाळ. पंचगंगेचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत मोठा फरक असतो. बोअरचं पाणी खडकात मुरत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून आणतं. शिरोळ-हातकणंगलेच्या क्षारपड पट्ट्यात तर पाण्यात मीठही बऱ्यापैकी असतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियमचं उलट आहे. पाणी तापलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनखडीचा थर बसतो. साठ अंशांच्या पुढे तो फार झपाट्याने वाढतो. तांब्यातून उष्णता जितकी सहज जाते, तिच्या शंभराव्या हिश्शाइतकीही या थरातून जात नाही. सपाट पॅनेलमधल्या तांब्याच्या बारीक नळ्या तर त्याने पार तुंबतात.

यावरचा उपाय आपल्याकडे परसात होताच. जुन्या घरांतल्या तांब्याच्या बंबात मधल्या नळकांड्यात शेणी, चिपाडं पेटायची आणि भोवती पाणी असायचं. विस्तव आणि पाणी यांच्यामध्ये फक्त तांब्याची भिंत. कॉइलच्या, म्हणजे आत वेटोळी नळी असलेल्या, टाकीत हीच युक्ती आहे, फक्त विस्तवाच्या जागी दुसरं गरम पाणी असतं. पॅनेलमधून तेच ते बंदिस्त पाणी टाकीतल्या कॉइलमध्ये फिरतं आणि भोवतालचं आंघोळीचं पाणी तापवतं. बंदिस्त पाण्यातले क्षार एकदा बसले की संपले, रोज नवे येत नाहीत. थंड देशांत घर उबदार ठेवणारा बॉयलर अशाच कॉइलने नळाचं पाणी तापवतो. एक खरं सांगायला हवं: कॉइलच्या बाहेरच्या अंगावर थोडा थर बसतोच, आणि उष्णता एक भिंत जास्त ओलांडते म्हणून थोडी कमी मिळते. तरी बोअरच्या पाण्यासाठी मला हाच सौदा योग्य वाटतो.

दुसरा पर्याय काचेच्या अस्तराचा. साध्या पोलादावर आठशे अंशांच्या वर भाजून काच चढवतात. तिच्यात बारीक फटी राहतातच, म्हणून आत मॅग्नेशियमचा दांडा लावतात. हा दांडा स्वतः झिजतो आणि पोलाद वाचवतो. हम्फ्री डेव्हीने 1824 साली ब्रिटिश जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंड जोडून हेच दाखवलं होतं. दांडा संपला की गंजायची पाळी टाकीची. विक्रेते टाकीवर वर्षांची हमी छापतात, पण दांड्याबद्दल क्वचितच बोलतात, याचं मला फार वाईट वाटतं. वर्षातून एकदा तो काढून पाहावा आणि आतली तार दिसू लागली की बदलावा.

म्हणून आधी प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. कठीणपणा (म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) आणि क्लोराइड हे दोन आकडे वेगवेगळे मागा. पाण्यातले एकूण क्षार दाखवणाऱ्या टीडीएसच्या पेनाने ते कळत नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आणि क्लोराइडची 250 आहे. दोन्ही याच्या बऱ्याच खाली असतील तर 304 एलची साधी टाकी पुरते. कठीणपणा जास्त असेल तर कॉइल घ्या. क्लोराइडही जास्त असेल तर 316 एल किंवा काचेचं अस्तर. सॉफ्टनर बसवलात तर चुनखडी थांबेल, पण क्लोराइड तसेच राहतात आणि दांडा लवकर झिजतो.

घरात प्रेशर पंप असेल तर टाकी तेवढ्या दाबाची आहे ना, ते लेखी घ्या. शंभर लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर गेलं की जवळजवळ दीड लिटरने फुगतं. ते जायला व्हेंट पाइप किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच.

आम्ही काचेच्या अस्तराची, कॉइलवाली टाकी घेतली. जुनी पॅरापेटला चिकटवून बसवली होती. या वेळी गवंड्याकडून कट्टा तीन फूट आत घेऊन बांधला, कारण दांडा सरळ बाहेर ओढायला तेवढी जागा लागते.