‘पॉश’चा उगम बोटीच्या तिकिटात नाही
मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावर उतरणाऱ्या इंग्रज साहेबांच्या तिकिटांवर म्हणे ‘पॉश’ असा शिक्का असायचा: ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. मुंबईला येताना डावीकडची केबिन, विलायतेला परतताना उजवीकडची. दोन्ही वेळा खिडकी साधारण उत्तरेला, म्हणजे उन्हाचा ताप कमी. भूगोल ठीक आहे, शिक्का मात्र बनावट! पी अँड ओ या ब्रिटिश बोट कंपनीचं तसं एकही तिकीट सापडलेलं नाही. तारखाही जुळत नाहीत. ‘छानछोकी माणूस’ या अर्थाने ‘पॉश’ १८९०च्या सुमारास बोलीच्या कोशात आहे. आद्याक्षरांची कहाणी छापील स्वरूपात दिसते १९३५मध्ये. त्याही आधी इंग्लंडच्या चोरबोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धी पेनी, चिल्लर. रोमानी भाषेत ‘पॉश’ म्हणजे अर्धा. चिल्लरीतून थाट कसा निघाला, हा दुवा जरा कच्चाच. पण बोटीपेक्षा बरा.